शेवटच्या सायकलीचा दिवा

१

सोमवारी सकाळचे सात वाजले, धुकं ओढ्याकडे उतरलं, रस्त्यावर ऊन आलं, तरी कस्तुराबाईच्या सायकलीचा लाल दिवा लुकलुकतच होता.

भाज्याहून मळवलीकडे येताना ओढ्याच्या अलीकडे एक छोटासा चढ आहे. त्या चढावर सायकल आडवी पडली होती. मागचं चाक पार दुमडलेलं, कॅरिअर पिळवटलेलं, एक चप्पल रस्त्यात आणि दुसरीचा पत्ता नाही. खाली चरात एक निळं प्लास्टिकचं क्रेट उलटं पडलं होतं आणि त्यातला एक डबा उघडून भाकरी गवतात पडली होती. कस्तुराबाईला पहाटेच दवाखान्यात नेलं होतं, पण तिथं पोचायच्या आधीच तिचा जीव गेला होता.

फकरुद्दीन मुलाणी तिथं पोचले तेव्हा हवालदार अमृत कोंडभर मोटारसायकलच्या सीटवर कागद ठेवून काहीतरी लिहीत होता. फकरुद्दीन म्हणजे रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड. वय सदुसष्ट. अडतीस वर्षं मालगाडीच्या शेवटच्या डब्यात बसून काढली, त्यामुळे जगाकडे मागून बघायची त्यांना सवय लागली होती. आसपासच्या गावांत त्यांना गार्डचाचा म्हणत. चाचांना सल्ला द्यायची फार हौस, आणि कुणी मागितला नाही तर ते आणखीनच जोरात देत.

"चाचा, दिवा तुमचाच ना हा?" अमृतने विचारलं.

"मीच दिलेला."

दिव्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. भाज्यातल्या चार बायका ओढ्यापलीकडच्या पॉलिहाऊसमध्ये गुलाब काढायला जात. उन्हाआधी काढली नाही तर कळी उमलते आणि माल फुकट जातो, म्हणून पहाटे पाचलाच निघायचं. त्यातून फेब्रुवारी, म्हणजे गुलाबाचा हंगाम. पहाटेच्या अंधारात, धुक्यात, चौघी सायकलींवर. चाचांनी दोन वर्षांपूर्वी त्यांना एक चांगला लाल दिवा घेऊन दिला आणि सोबत रेल्वेचा नियमही दिला. दिवा शेवटच्या सायकलीला. टोळीची मुकादम सोडून दर आठवड्याला एकीची बारी. जिची बारी ती सगळ्यांच्या मागे चालणार. गाडीच्या शेवटच्या डब्याचा दिवा दिसला की गाडी पूर्ण आहे असं स्टेशनवाले समजतात, तसंच.

चाचांनी वाकून दिवा बंद केला. सीटखालच्या दांड्याला तो चार रबरांनी आवळला होता, फुलांच्या जुड्यांना लावतात तसल्या रबरांनी. काचेवर ओरखडाही नव्हता.

"कुणी घातली गाडी?" त्यांनी विचारलं.

अमृतने लिहायचं थांबवलं. "तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

"काय?"

"दुधाचा टेम्पो होता चाचा. इर्शादचा."

इर्शाद हा चाचांचा भाचा. धाकट्या बहिणीचा, शहिस्ताचा, एकुलता एक मुलगा.

"पळाला नाही तो," अमृत घाईघाईने म्हणाला. "त्यानंच म्हातारीला उचलून टेम्पोत घातलं, दवाखान्यात नेलं. पण जबाब असा दिलाय की आता मी काय करू? तो स्वतःच म्हणतो, मला दिवा दिसत होता."

२

इर्शाद ठाण्याच्या बाकावर बसला होता. शर्टावर दूध सांडलेलं आणि रक्तही. मामूला बघून तो उठला आणि पुन्हा बसला.

"मोबाइल बघत होतास?" चाचांनी पहिलाच प्रश्न केला. ते चिडले होते. भीती वाटली की ते चिडत.

"न्हाई मामू. आईच्यान."

"झोप लागली होती?"

"न्हाई."

"मग दिवा दिसत होता तर घातली कशी?"

"लांब व्हता मामू! दिवा लय लांब व्हता. पार चढ संपतो तितं. मी म्हणलं, बाया चालल्यात, जवळ गेलो की हळू करू. तवर रस्ता मोकळाच हाय. नजर दिव्यावर व्हती माझी. आनि मधीच एकदम निळं कायतरी म्होरं आलं. ब्रेक मारायला टाइमच न्हाई मिळाला."

"दिव्याच्या अलीकडे?"

"व्हय. दिवा तितंच व्हता, तसाच लुकलुकत. मी खाली उतरलो तवाबी तो लांबच व्हता. मग मी काय बघितलं न्हाई. मावशींना उचललं. अनिताताई पळत आली, ती बसली टेम्पोत त्यांचं डोकं धरून. आमी निघालो."

दिवा कस्तुराबाईच्या सायकलीवर होता हे चाचांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. हा म्हणत होता, लांब होता. दोन्हीपैकी एक खोटं होतं, आणि डोळे तर त्यांचे स्वतःचे होते.

बाहेर अमृतने स्पष्टच सांगितलं. "नुसता निष्काळजीपणा असता तर आज ना उद्या जामिनावर सुटला असता. पण दिवा दिसत असून घातली म्हटल्यावर साहेब मोठं कलम लावायचं म्हणतायत. वर्षानुवर्षं आत बसेल पोरगा. बुधवारी कोर्टात उभा करणार."

"तो खोटं बोलत नाही."

"चाचा, तुम्ही मामा आहात त्याचे. माझा मामाही हेच म्हणाला असता."

हे ऐकून चाचांना राग आला, आणि त्याहून जास्त राग आला तो अमृतचं खरं होतं म्हणून. शहिस्ता संध्याकाळी त्यांच्या दारात येऊन बसली, कडेवर इर्शादची सात महिन्यांची मुलगी. काही मागितलं नाही, रडली नाही. नुसती बसून राहिली. चाचांना ते बघवेना.

ते रात्री जेवले नाहीत. सकाळी उठले आणि सायकल काढून भाज्याला निघाले. ज्या घरातून काल प्रेत निघालं होतं, त्या घरी खुनी म्हणवल्या गेलेल्या पोराच्या मामाने जायचं होतं.

३

कस्तुराबाईचा नवरा नथू ओट्यावर बसला होता. चाचा आले तसे ओट्यावरचे दोघे-तिघे उठून निघून गेले. नथू उठला नाही आणि बसाही म्हणाला नाही.

चाचा आपणहून खाली पायरीवर बसले.

"भाऊ, मी भाच्याची बाजू मांडायला आलो नाही."

"मग कशाला आलाव?"

"दिव्याचं विचारायला."

नथूने मान वर केली. डोळे लाल झाले होते. "दिवा व्हता तिच्याकडं. पोलिसांनी बगितला, तुमी बगितला. आता ती बिनदिव्याची चालली व्हती म्हनून सांगाया आला असाल तर हितनंच मागं फिरा. मेल्यावर तिच्या डोक्यावर कायबी घालू नगा."

"नाही घालत. एवढंच सांगा, तिची बारी असायची तेव्हा ती दिवा कुठं बांधायची?"

"करेटला. मागच्या अंगाला." नथूने हाताने दाखवलं. "चौघींचे डबे, हातमोजे, पान्याच्या बाटल्या, समदं तिच्या करेटात असायचं. कॅरिअरवर आडवं ठेवून टुबच्या पट्टीनं आवळायची. आन दिवाबी त्याच टुबला. मीच दावलं व्हतं तिला."

"सीटखाली कधी?"

"सीटखाली कशाला बांदंल? येवढं मोटं करेट मागं, दिवा दिसनार कुनाला? करेटालाच?" नथू चिडून बोलला, आणि बोलता बोलता थांबला.

चाचाही थांबले. त्यांच्या डोळ्यांसमोर कालची सायकल आली. पिळवटलेलं रिकामं कॅरिअर, चरात पडलेलं क्रेट, आणि सीटखाली धडधाकट दिवा.

धडक बसली तेव्हा क्रेट कॅरिअरवर होतं. इर्शादलाही निळंच काहीतरी पुढे आलेलं दिसलं होतं. क्रेट असताना सीटखाली दिवा बांधायचं कुणाच्याही मनात येणार नाही. रिकामं कॅरिअर दिसलं तरच तिथं हात जाईल. म्हणजे दिवा बांधला गेला तो क्रेट उडून पडल्यावर. कस्तुराबाई रस्त्यावर पडल्यावर.

"भाऊ," चाचा हळूच म्हणाले, "तिच्या सायकलीला दिवा कुणीतरी नंतर लावलाय."

नथू ओट्यावरून पुढे वाकला. मग म्हणाला, "कुनी?"

४

कस्तुराबाई सोडली तर रांगेत तिघी होत्या. सगळ्यांत पुढे अनिता, टोळीची मुकादम. तिच्या हँडलला पांढरा दिवा, तो कायम तिच्याकडेच. मग समीक्षा, चार महिन्यांपूर्वी लग्न होऊन गावात आलेली. मग शकुबाई. आणि शेवटी कस्तुराबाई. ही रांग अनिताने सांगितली, अमृतच्या कागदावरही हीच होती.

पॉलिहाऊसच्या पॅकिंगच्या शेडमध्ये अनिता जुड्या मोजत होती. बाई तोंडाची फटकळ आणि हाताची झपाटेदार.

"बारी कुनाची व्हती ते मला काय म्हाईत?" ती म्हणाली. "मी म्होरं असते. मागं दिवा हाय का पनती हाय, मला थोडीच दिसतंय? समीक्षानं सांगितलं कस्तुरामावशीची व्हती, तर आसंल."

"तुमचं तिच्याशी वाजलं होतं म्हणतात."

"वाजायचं काय त्यात? तिला चढ चढत नव्हता. रोज तिच्यापायी उशीर. सव्वापाचला गेट लावत्यात हे. मी वरडायची." अनिताचे हात थांबले. "त्या दिशीबी वरडले. गावातनं निघतानाच. दोघी-तिघी मागं कायतरी खुडबुड करत बसल्या व्हत्या. म्या म्हणलं, चला गं बायांनो, का आरती ववाळू? ते शेवटचं बोलले मी तिच्याशी." तिने पदराने नाक पुसलं आणि पुन्हा जुडी हातात घेतली.

"टेम्पोत तुम्हीच बसलात ना तिच्याबरोबर?"

"तर काय! सायकल तितंच टाकली, पळत आले आन चढले."

म्हणजे सायकलीपाशी मागे दोघीच राहिल्या. समीक्षा आणि शकुबाई.

शकुबाई कामावर आली नव्हती. ती घरी खाटेवर पडून होती, गळ्याला डॉक्टरचा जाड पट्टा. मणक्याच्या दुखण्याने गेले तीन महिने तिला मान वळवता येत नव्हती. तरीही सायकल चालवायची, गुलाब काढायचे.

"या चाचा. ह्या बाजूनं या, मला तिकडं बघता येत न्हाई," ती म्हणाली आणि रडायलाच लागली. चाचांनी तिला रडू दिलं.

"मावशी, दिवा चालू होता का हो?"

"व्हता की! पोलिसाला मी तेच सांगितलं. मी वाटभर बघत व्हते. लाल लाल, लुकलुक, लुकलुक. धुक्यात त्येचाच आदार वाटतो मानसाला. मी म्हणलं, दिवा हाय तवर काय भ्याव न्हाई." तिने डोळे पुसले. "पैले तर आमच्याकडं आपापले व्हते. कस्तुराकडं बाजारातला बारका लाल, मी मागं जुनी सीडी लटकावलेली, उजेड पडला की चमकायची. तुमीच काढाया लावलं न्हाई का? म्हनला, ही काय जत्रा हाय? येकच दिवा, शेवटाला."

ते वाक्य चाचांना लागलं. पण ते तेवढ्यापुरतं त्यांनी बाजूला सारलं, कारण शकुबाईच्या आधीच्या वाक्यावर त्यांचं मन जाऊन बसलं होतं.

"मावशी, तुम्ही वाटभर दिवा बघत होता?"

"व्हय."

"मागं वळून?"

"वळू कशी? हे बघा की!" तिने गळ्याच्या पट्ट्यावर बोट आपटलं. "समोर दिसत व्हता."

चाचा उठून उभे राहिले. अडतीस वर्षं ते टेल-लॅम्पबरोबर फिरले होते आणि एवढी साधी गोष्ट त्यांना आत्ता दिसत होती. मागचा दिवा पुढच्याला कधी दिसत नाही. तो दिसतो फक्त मागून येणाऱ्याला. शकुबाईला दिवा समोर दिसत होता, म्हणजे दिवा शकुबाईच्या पुढे चालला होता.

आणि शकुबाईच्या पुढे दोघीच होत्या.

५

घरी आले तर अजीजुन्निसा, म्हणजे चाची, चहा टाकत होती. चाचांनी चपला काढायच्या आधीच विचारलं, "रविवारी संध्याकाळी दिवा न्यायला कोण आलं होतं?"

दिवा चार्ज करायचं काम चाचांच्या घरी. ज्या बाईची बारी सुरू व्हायची तिने रविवारी येऊन तो न्यायचा, ही रीत. या रविवारी चाचा लग्नाला पुण्याला गेले होते.

"ती नवी पोरगी. समीक्षा," चाची म्हणाली. "नवरा होता बरोबर. त्यानं इथंच अंगणात दिवा बांधला तिच्या कॅरिअरला. प्लास्टिकच्या पट्ट्या असतात ना, एकदा ओढल्या की निघत नाहीत, तसल्या. मी म्हटलं, अरे हळू, काढायचा कसा? तर म्हणतो, चाची, दिव्याची कडी मोडलीय, अशानंच टिकतो."

"आणि हे तू मला काल सांगितलं नाहीस?"

"तुम्ही विचारलंत?" चाचीने चहा गाळला. "दोन दिवस अख्ख्या मावळाला विचारत फिरताय. घरात कोण विचारतंय."

चहा तसाच ठेवून चाचा पुन्हा सायकलीवर बसले.

समीक्षा त्यांना पॉलिहाऊसच्या बाहेर भेटली. दुपारची सुट्टी झाली होती. बायका सावलीत जेवत होत्या, ती एकटीच सायकलीपाशी उभी होती, डबा न उघडता. वीस वर्षांची पोर, हिरवा चुडा अजून हातात. चाचांनी तिच्या कॅरिअरकडे बघितलं. धुळीने माखलेल्या दांडीवर बोटभर जागा दोन ठिकाणी स्वच्छ होती.

त्यांचा निश्चय होता की तिला चांगलं खडसवायचं. एक पोरगा आत सडणार आहे आणि ही मुकाट बसली आहे! पण तिचं तोंड बघून त्यांचा आवाज चढेना.

"पट्ट्या कशानं कापल्यास बेटा?"

तिने ॲप्रनच्या खिशावर हात ठेवला. खिशात गुलाब काढायचा कटर होता.

"आणि रबरं?"

"तीबी खिशात व्हती," ती म्हणाली. आणि मग जे दोन दिवस तोंडात धरून ठेवलं होतं ते सगळं बाहेर आलं.

"शनिवारी बिबट्यानं वरच्या आळीतलं कुत्रं नेलं चाचा. समदे म्हनत व्हते, बिबट्या रांगेतल्या मागच्यालाच धरतो. सोमवारपासनं माझी बारी. रातभर झोप न्हाई. सकाळी निघताना मला रडूच फुटलं. कस्तुरामावशी म्हनल्या, काय गं? मी सांगितलं. तर हसल्या. म्हनल्या, माज्या अंगावर काय मास हाय व्हय त्याला खायाला? तू मधी चल, मी ऱ्हाते मागं. दिवा काढाया लागलो तर पट्टी निघंना. अंधार, हात गारठलेले. कटरनं कापू म्हनलं, तर अनिताताई म्होरनं वरडली. मावशी म्हनल्या, ऱ्हाऊ दे आता, एका दिसानं काय व्हतंय."

तिने ॲप्रनचा खिसा घट्ट धरला.

"आणि नंतर?" चाचांनी विचारलं.

"धाडकन आवाज आला. मी वळून बघितलं तर त्या रस्त्यावर. मी पळत गेले. टेम्पो त्यांना घेऊन गेला. शकुमावशी रस्त्याच्या कडंला बसली व्हती, तोंड झाकून. आनि मी बघितलं तर माझ्या सायकलीचा दिवा तसाच लुकलुकतोय. मला वाटलं, आता समदे इच्यारतील, दिवा हिच्याकडं आनि म्हातारी मागं कशी? म्हनतील, हिनं भिऊन म्हातारीला मरायला सोडलं. आनि मावशीलाबी म्हनतील, बिनदिव्याची चालली व्हती, तिचीच चूक. म्हनून मी कापला आनि तिकडं लावला. तुमच्या इर्शादभाईचं तवा मनातबी आलं न्हाई. खरंच न्हाई आलं."

"आणि नंतर आलं तेव्हा?"

"नंतर लय भ्या वाटलं."

चाचा सायकलीच्या दांडीला धरून उभे राहिले. जिला शोधायला निघाले होते ती सापडली होती, आणि आनंद म्हणून तिळमात्र झाला नव्हता. हिला ठाण्यात नेलं की सासरी हिचं काय होईल ते त्यांना कळत होतं. नाही नेलं तर उद्या बुधवार होता.

"बेटा, तिकडं त्याची मुलगी सात महिन्यांची आहे," ते एवढंच म्हणाले.

समीक्षाने डोळे पुसले. "आदी नथूबाबांना सांगू द्या. पोलिसाकडनं कळलं तर त्यांना काय वाटंल? तुमी याल का संगं?"

६

नथूने सगळं ऐकून घेतलं. समीक्षा पायरीपाशी उभी राहून बोलत होती आणि तो जमिनीकडे बघत होता. ती 'एका दिसानं काय व्हतंय' या शब्दांपाशी आली तेव्हा त्याचे खांदे हलले.

"तिचंच बोलनं हाय हे," तो म्हणाला. "कायम असंच. कायबी असू दे, ऱ्हाऊ दे, म्हनायची."

"बाबा, माझी चूक झाली."

"तू भ्यालीस. भ्यायला काय झालं? मीबी भेतो." त्याने तिला हाताने बसायची खूण केली. "दिवा लपवलास ते वाईट केलंस. त्या पोराला बघून मी थुकलो व्हतो काल ठाण्यात. आता ते कसं पुसू मी?"

मग तो चाचांकडे वळला. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही.

"चाचा, एक इच्यारू? तिचा तो बारका दिवा अजून घरात हाय. खुंटीला. तो तिनं काढला कुनाच्या सांगन्यावरनं?"

चाचांनी दाराकडे बघितलं. नथूला उत्तर नको होतं.

ठाण्यात समीक्षाचा जबाब व्हायला तास लागला. शकुबाईला रिक्षाने आणलं, तिने मान सरळ ठेवून पुन्हा तेच सांगितलं, दिवा समोर दिसत होता. नथूने क्रेटचं सांगितलं. अमृतने सगळं लिहून घेतलं आणि साहेबांच्या खोलीत जाऊन आला.

"मोठं कलम राहत नाही आता," तो बाहेर येऊन म्हणाला. "वेगाची केस राहील, पन्नासच्या वर होता असं तो स्वतःच सांगतो. पण उद्या जामीन होईल. पोरीचं काय ते साहेब बघतील, खोटा जबाब दिलाय तिनं. पण आपणहून आली हे मी वर लिहिलंय."

शहिस्ता बाकावरून उठून भावाच्या गळ्यात पडली. "भाईजान, तुम्ही होता म्हणून," ती रडत म्हणाली. समीक्षाचा नवरा तिला न्यायला आला होता, तो दाराबाहेरच उभा राहिला, आणि ती त्याच्यामागून दहा पावलं अंतर ठेवून निघाली. चाचा ते बघत राहिले. शहिस्ताचे हात त्यांनी हळूच सोडवले.

इर्शादला गजांपलीकडे सांगितलं तेव्हा त्याने तोंडावरून हात फिरवला. "मामू, दिवा दिसला नसता तर मी स्पीड धरलाच नसता," तो म्हणाला. "धुक्यात मी कायम हळूच जातो. दिवा बघून वाटलं, तिथवर कुनी न्हाई."

तो आरोप करत नव्हता. आठवेल तसं सांगत होता. पण चाचांनी गज धरला. रेल्वेत ते हेच शिकले होते, बायकांनाही त्यांनी हेच शिकवलं होतं. शेवटचा दिवा दिसला की त्याच्या मागे काही नाही. पण गाडीचे डबे एकमेकांना लोखंडाने जोडलेले असतात. भाज्याच्या बायकांना कुणी जोडलं होतं? एक भ्याली, एकीला चढ चढवेना, एकीची मान वळेना, एकीला गेटची घाई. अडतीस वर्षांच्या शहाणपणात चाचांना एवढं कळलं नव्हतं.

ते परत अमृतच्या टेबलापाशी आले आणि खुर्ची ओढून बसले.

"अजून एक जबाब घे."

"झाले की सगळ्यांचे."

"माझा राहिलाय."

"तुमचा कशाला? तुम्ही तर त्या दिवशी नव्हताच तिथं."

"टोळीत एकच दिवा पुरे, हे मी सांगितलं होतं."

अमृतने पेन खाली ठेवलं. तो दमला होता आणि त्याला चाचांबद्दल वाईटही वाटत होतं. "चाचा, याला कलम नाही. कुठल्याच पुस्तकात नाही. घरी जा. चाची वाट बघत असतील."

"कलम मी विचारलंय का? नथूच्या कागदात हे पाहिजे. त्याच्या बायकोची चूक नव्हती, पोरीची तेवढी नव्हती, इर्शादची जेवढी आहे तेवढी लिहिलीस. उरली ती कुणाच्या नावावर घालणार?"

बाकावर नथू अजून बसून होता. तो या दोघांकडे बघत होता.

अमृतने कोरा कागद घेतला, तारीख टाकली. "सांगा," तो म्हणाला.

"मी फकरुद्दीन मुलाणी, राहणार मळवली," चाचांनी सुरुवात केली आणि घसा खाकरला. "त्या चौघींकडे आपापलं काही ना काही होतं. दिवा म्हणा, चमकणारी सीडी म्हणा. ते मी हसून काढायला लावलं."

अमृत लिहीत होता.

"हसून, हेही लिही," चाचा म्हणाले.